खर्च निरंक

धाकट्या भावाचं म्हणणं असं, की ताईच्या हातून आयुष्यात एकही खोटं काम झालं नाही, आणि एक व्हायला हवं होतं. भाऊ विमा विकतो, तेव्हा या विषयातला त्याचा अधिकार मानायला हरकत नाही.

ताई म्हणजे तपासनीस बाई. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे हिशेब तपासले. त्या जिथे जात तिथे त्यांच्यासाठी खुर्ची पुसली जाई, चहा येई आणि नेमक्या हव्या त्या कपाटाची किल्ली हरवलेली असे. बाई चहाला हात लावत नसत. किल्ली सापडेपर्यंत बसून राहत. त्यांच्या हिरव्या शाईला भली भली माणसं टरकून असत. एका गोदामपालाची तर नोकरीच त्या शाईने खाल्ली होती. त्याने सिमेंट घेताना बिलं घेतली नव्हती आणि तपासणी येतेय म्हटल्यावर दुकानदाराकडून मागच्या तारखांची लिहून आणली. “बाई, पोती मोजून घ्या. एक कमी भरलं तर जोड्याने मारा,” तो म्हणाला. बाईंनी मोजली. एकही कमी नव्हतं. त्यांनी शेरा लिहिला: माल बरोबर, बिलं बनावट. गोदामपाल गेला. बाईंना झोप लागली.

झोप उडाली ती नोकरीच्या शेवटच्या वर्षी. एका बालगृहाची तपासणी होती. बासष्ट मुलं आणि चपलांचे जोड चाळीस. बिलावर दुकानदाराची सही नव्हती, असा आक्षेप बाईंनी नोंदवला आणि त्या घरी आल्या. उरलेल्या बावीस मुलांच्या पायांत काय होतं, हा प्रश्न त्यांना तीन आठवड्यांनी पडला, स्वतःच्या दारात चपला काढताना. मग तो पडतच राहिला.

लग्न केलेलं नव्हतं. आई-वडील गेलेले, भाऊ त्याच्या संसारात. दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी एवढं घर, त्यातल्या एका खोलीत नुसतं इस्त्रीचं टेबल. निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात बाईंनी बालसंगोपन विभागातून अर्ज आणला. आई-बापांना सांभाळता येत नाही अशा मुलाला काही काळ घरी ठेवायचं, शाळेत घालायचं, माया लावायची, आणि विभाग सांगेल तेव्हा परत द्यायचं, अशी ती योजना. अर्ज अठरा पानी होता. बाईंनी त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका काढून दिल्या.

“मूल का हवंय तुम्हाला?” मुलाखतीत विचारलं.

“एक खोली रिकामी आहे.”

समोरच्या माणसाने बराच वेळ वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. त्याने लिहिलं: हेतू प्रामाणिक.

मग एक जण टेप घेऊन आला आणि खिडक्या, गॅलरीचा कठडा, न्हाणीघराची कडी असं सगळं मोजून गेला. डॉक्टरने छाती तपासली. पेन्शनचा दाखला झाला. शेजाऱ्याचं पत्र लागत होतं, ते खालच्या मजल्यावर दुकान असलेल्या शिंपीमास्तरांनी दिलं: “बाई हिशेबाने चोख आहेत. इतर माहिती नाही.”

“मास्तर, स्वभावाबद्दल लिहायचं होतं,” बाई म्हणाल्या.

“तेच लिहिलंय की.”

तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिसऱ्या दिवशी विषय पैशांचा. मुलामागे महिन्याला चार हजार भत्ता, त्यासाठी बँकेत वेगळं खातं, दर तीन महिन्यांनी खर्चाचा तक्ता आणि सोबत पावत्या. शिकवणाऱ्या गृहस्थांना बाईंची जुनी नोकरी कळली तसा त्यांनी खडूच बाईंच्या हातात दिला. बाईंनी पाऊण तास शिकवलं. “पावती नाही तो खर्च झालाच नाही,” असं फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. एका बेकरीवाल्याने हात वर केला. “दूधवाला पावती देत नाही हो.” “मग वहीत रोज त्याची सही घ्या,” बाई म्हणाल्या. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

मुलगी आली ती नऊ वर्षांची, एक पिशवी घेऊन. आई नव्हती, बाप लांबच्या इस्पितळात बरा होण्याची वाट पाहत होता. हडकुळी, डोक्याचं टोक तेवढं काळं. शिंपीमास्तरांनी जिन्यात पाहिलं आणि म्हणाले, “बाई, ही पेन्सिल कुठून आणलीत?” झालं, तेच नाव पडलं. पेन्सिल बाईंना मावशी म्हणू लागली. पहिले दोन आठवडे “अहो मावशी”, मग एकदा ताप आला तेव्हा “अगं मावशी”, आणि ताप उतरला तरी तेच राहिलं. बाईंना अगं म्हणणारं माणूस जगात उरलेलं नव्हतं. भाऊसुद्धा लहानपणापासून जरा बेतानेच बोले.

आता त्या खात्याची गोष्ट. पहिला भत्ता जमा झाला त्या दिवशी बाई बँकेतून पासबुक भरून आल्या आणि टेबलाशी बसल्या. चार हजार. पोरीच्या भाताचे, साबणाचे, वह्यांचे पैसे यातून घ्यायचे, ही कल्पनाच त्यांना कशीशी वाटली. घरात आलेल्या माणसाला जेवायला घालून त्याच्याच खिशातून दाम काढल्यासारखं. पोरीवरचा खर्च पेन्शनमधून होईल. हे पैसे पोरीचे. तिला अठरावं लागेपर्यंत हात लावायचा नाही. त्यांनी आकडेमोड केली: नऊ वर्षं, महिन्याला चार हजार, चार लाख बत्तीस हजार, व्याज वेगळं. विभागाशी झालेला करार एका वर्षाचा होता, दरसाल नवा करायचा. ते वाक्य बाईंनी वाचलं होतं. त्याखाली हिरवी रेघसुद्धा मारली होती. तरी हिशेब नऊ वर्षांचा केला.

तीन महिन्यांनी त्यांनी बारा हजारांची मुदत ठेव केली आणि विभागाला तक्ता पाठवला. जमा बारा हजार. खर्च निरंक. शिल्लक बारा हजार. इतका स्वच्छ तक्ता आपण नोकरीतसुद्धा पाहिला नव्हता, या विचाराने त्या स्वतःशीच थोड्या हसल्या. पेन्शनमधून होणाऱ्या खर्चाच्या पावत्या ठेवायचा प्रश्नच नव्हता. आपल्या घरात आपण आपल्या पोरीला फ्रॉक शिवला, तर त्याची पावती कोण मागतं? मास्तर विचारत, “बाई, पावती?” बाई म्हणत, “घरचंच आहे.” चौतीस वर्षांत हे दोन शब्द त्यांनी कधी कुणाकडून ऐकून घेतले नव्हते.

असे पाच तक्ते गेले. विभागात ते कुणी वाचले नाहीत. तसं पाहिलं तर सगळं सुरळीत चाललं होतं.

पेन्शन काही रबराची नव्हती. पोरीचे दोन दात भरावे लागले, गणवेश आखूड झाला, गॅलरीला जाळी बसवली. बूट घेताना बाईंनी एक माप मोठं घेतलं आणि पुढे कागदाचे बोळे भरले. हिवाळ्यात शाळेची दोन दिवसांची सहल निघाली. नऊशे भरायचे होते.

“पुढच्या वर्षी जाऊ,” बाई म्हणाल्या.

“पुढच्या वर्षी पण निघते?”

“दर वर्षी निघते.”

“मग ठीक आहे,” पेन्सिल म्हणाली. ती हट्ट करत नसे. हे बाई लोकांना कौतुकाने सांगत.

रविवारी भाऊ आला होता. त्याने स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “ताई, त्या खात्यात साठ हजार कुजतायत आणि पोरगी नऊशेसाठी घरी?”

“कुजत नाहीत. व्याज मिळतं.”

“पण ते तिचेच आहेत ना?”

“तिचेच आहेत म्हणून तर.”

“धन्य आहे तुझी,” भाऊ म्हणाला आणि स्वतःच्या पाकिटाला हात घातला. बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की पाकीट परत खिशात गेलं. त्या नजरेची किंमत नऊशे, असं पुढे भाऊ म्हणायचा. हल्ली म्हणत नाही.

सहलीच्या त्या दोन दिवसांत मावशी-भाचीने घरातली सगळी फडताळं रिकामी करून नवे कागद घातले. मजा आली. निदान बाईंना तरी आली.

सहाव्या तिमाहीत विभागात एक नवी पाहणी अधिकारी रुजू झाली. तरुण, कामसू, आणि आलेले कागद वाचायची तिला सवय होती. अशी माणसं बाईंना फार आवडत. ती घरी आली, पोरीशी बोलली, शाळेत गेली, आणि आठ दिवसांनी नोटीस आली. बाईंनी ती दारातच उघडली. दरमहा चार हजार मिळूनही बालिकेवरील खर्च शून्य. बालिका सहलीस गैरहजर, शाळेच्या नोंदवहीत बालिकेने स्वतः लिहिलेलं कारण, ‘घरी पैसे नाहीत’. बूट मापाचे नाहीत. बालिकेला भत्त्याची माहिती नाही. पंधरा दिवसांत खर्चाच्या पावत्यांसह खुलासा करावा, अन्यथा बालिका अन्यत्र ठेवण्यात येईल.

बाईंनी नोटीस दोनदा वाचली. एकही वाक्य खोटं नव्हतं. अहवाल उत्तम होता. त्यांनी स्वतः लिहिला असता तर असाच लिहिला असता.

त्याच संध्याकाळी भाऊ आणि मास्तर दोघंही वर आले. मास्तरांनी बगलेतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

“पावतीपुस्तक आहे. छापून चार वर्षं झाली, दहा पानंसुद्धा गेली नाहीत. तीन फ्रॉक, दोन गणवेश, एक स्वेटरची बाही. तारखा सांगा.”

“दातवाल्याशी बोललोय मी,” भाऊ म्हणाला. “तो देतो. बूटवाला देतो. वह्या-पुस्तकांचं माझ्यावर सोड. परवापर्यंत फाइल फुगवून देतो तुझी.”

“मागच्या तारखांची?”

“मग काय पुढच्या घालू?”

“ती बनावट बिलं होतील.”

“बनावट काय त्यात?” मास्तर उसळले. “फ्रॉक शिवला की नाही मी? पैसे दिलेत की नाही तुम्ही? ती बघा अंगात घालून बसलीये!”

पेन्सिल जमिनीवर बसून गणितं करत होती. तिने मान वर करून फ्रॉककडे पाहिलं.

“तारीख म्हणजेच पावती, मास्तर. बाकी नुसता कागद.”

“ताई, कोण बघतंय!”

“मी बघतेय ना.”

खरी गोष्ट अशी होती की गोदामपाल बघत होता. त्याची पोतीही खरीच होती. आज आपण तेच केलं, तर त्याला घरी का बसवलं? त्याला मुलं होती का, हे बाईंनी तेव्हा विचारलं नव्हतं. तो विषय तक्त्यात नव्हता. आता त्याचा तो चेहरा समोर येऊन म्हणत होता, बाई, पोती मोजून घ्या. भावाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तेव्हा चुकलीस म्हणून आता पण चूक. म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

“जाऊ द्या मास्तर,” भाऊ म्हणाला. “भिंतीशी बोलून घसा बसेल आपला.”

मास्तरांनी पुस्तक नेलं नाही. मुद्दाम ठेवून गेले.

दोघं गेल्यावर पेन्सिल टेबलाशी येऊन उभी राहिली. “मावशी, फ्रॉक तर खरंच शिवलाय ना?”

“हो.”

“मग?”

बाईंनी तिला समजावलं. पावती कशाला म्हणतात, ती कधी लिहायची, मागाहून लिहिली तर तिच्यात आणि लबाडीत फरक का राहत नाही. दहा मिनिटं बोलल्या. पोरगी शहाण्यासारखी ऐकत होती.

“मग मला जावं लागेल?”

“छे. खरं सांगितलं की कुणी नेत नाही.”

हे वाक्य बाईंना पुढे किती वेळा आठवलं, याची मोजदाद त्यांच्यासारख्या बाईनेही ठेवलेली नाही. वाईट एवढंच, की ते त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलेलं नव्हतं. त्यांना तसं खरोखरच वाटत होतं.

खुलासा त्यांनी साडेचार पानांचा लिहिला. मुदत ठेवीची प्रत जोडली. पेन्शनमधून झालेल्या खर्चाचा अंदाज दिला आणि पुढे लिहिलं: पावत्या उपलब्ध नाहीत. सहलीबद्दल लिहिलं: माझा निर्णय चुकला. बूट: आता मापाचे आहेत.

समितीत तिघं होते. अध्यक्षांनी खुलासा चाळला, चष्मा काढला. “बाई, तुम्ही स्वतः तपासनीस होतात ना?”

“हो.”

“असा खुलासा तुमच्याकडे आला असता तर मान्य केला असतात?”

नाही म्हणायला बाईंना एक क्षणही लागला नाही. सवयीने निघून गेलं ते. अध्यक्षांनी हात पसरले, जणू आता त्यांच्या हातात काही राहिलं नाही. आणि नव्हतंच राहिलं. निकाल अर्ध्या पानात आला. हेतूबद्दल शंका नाही, तथापि खर्चाचा पुरावा नाही. बालिका पुढील आदेशापर्यंत दुसऱ्या कुटुंबात. शिल्लक रक्कम व्याजासह विभागाकडे जमा करावी. ठेव मुदतीआधी मोडल्याने बँकेने व्याज कापलं. तो फरक बाईंनी पेन्शनमधून भरला. त्याची पावती मात्र विभागाने जागच्या जागी दिली.

पेन्सिल गेली त्या दिवशी तिच्याकडे दोन पिशव्या होत्या. जीप खाली उभी होती. मास्तर दुकानातून बाहेर आले नाहीत, आत मशीन मात्र उगाच चालत होतं. पोरगी जिन्यात थांबली. “मावशी, तू त्यांना खरं सांगितलंस ना?”

“सांगितलं गं.”

“सगळं?”

“सगळं.”

तिने मान हलवली. तिला बाईंची दया आली असावी, असं बाईंना वाटलं. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला दया येत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ती मान पाहिली नव्हती.

पाच महिन्यांनी बाई विभागात गेल्या. तिथला जुना कारकून ओळखीचा निघाला. कधीकाळी त्याच्या टेबलावरही हिरवी शाई सांडून गेली होती. तरी त्याने खुर्ची दिली, दार लोटलं.

“बाई, एक सांगू? रागावू नका. त्यांना फाइलमध्ये कागद हवे होते. कुठलेही चालले असते. तारखाबिरखा इथे कोण बघतं? तुम्ही सोडून बघणारं कोणी नव्हतं हो.”



“अजून अपील करता येतं,” कारकून म्हणाला. “सहा महिन्यांच्या आत. ती नवी मॅडमसुद्धा हळहळते. घाला अर्ज, मी वर सरकवतो. पोरगी परत येईल. शाळा बदलावी लागेल पुन्हा, तेवढंच.”

अर्ज बाईंनी तिथेच मागून घेतला. दोनच पानांचा होता. मग भेटीची परवानगी काढून त्या शनिवारी नव्या घरी गेल्या. अर्ज पिशवीत होता, भरलेला, सही तेवढी बाकी. पोरीला आधी विचारायचं आणि मग सही करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

घर एका बसवाहकाचं. तो, त्याची बायको, त्यांची दोन मुलं आणि ही. बाहेरच्या खोलीत कपड्यांचा ढीग, कॅरमचा पट, कुणाची तरी एकच चप्पल. पोरीला काही विचारायचंय, असं बाईंनी दारातच सांगितलं. बायकोने हातानेच खुर्चीवरचा पसारा खाली लोटला. “बसा हो ताई. आमच्याकडे कशाचा कशाला पत्ता नसतो.” हे तिने लाजून नव्हे, माहिती म्हणून सांगितलं. बाईंनी अंदाज घेतला: पंख्याला धूळ, वाणसामानाच्या पावत्या खिडकीच्या गजात खोचलेल्या, त्यातल्या निम्म्या भिजलेल्या. तक्ता जुळणार नाही. पण पावत्या आहेत.

पेन्सिल बाहेरून धावत आली. थोडी भरली होती. आता ते नाव तिला शोभलं नसतं. “अगं मावशी!” म्हणाली आणि बाईंच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. शाळेचं सांगितलं, कॅरममध्ये मोठा मुलगा लबाडी करतो ते सांगितलं. बसवाहकाच्या बायकोने दुधाचा पेला आणून दिला. पोरीने उभ्याउभ्या दोन घोट घेतले, खालून कुणीतरी हाक मारली, तसा पेला टेबलावर टेकवला आणि “आलेच हं मावशी” म्हणत ती पळाली. पेल्यात अर्धं दूध तसंच होतं.

बाई त्या पेल्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरी दीड वर्षात या पोरीने एक थेंब टाकला नव्हता. ताट असं पुसून खायची की धुवायची गरज पडू नये. बाईंना त्याचा अभिमान होता, भावाला त्यांनी ते दाखवलंही होतं. दूध संपल्यावर पोरगी आधी पेल्यात बघायची आणि मग मावशीच्या तोंडाकडे, हेही त्यांना आठवलं. त्याचा अर्थ तेव्हा त्यांनी ‘आणखी हवंय’ असा घेतला होता, आणि आणखी दिलं होतं.

“टाकते हो अशी,” बसवाहकाची बायको म्हणाली. “लक्ष नसतं कार्टीचं. आली की पिईल, नाहीतर मांजर आहेच.” आणि ती आत निघून गेली, कुणी काही बोलायची वाट न पाहता.

पोरगी अर्ध्या तासाने आली, घामाघूम. मांडीला खरचटलं होतं, फ्रॉकची शिवण उसवली होती. “मावशी, तू काहीतरी विचारणार होतीस ना? काकू म्हणाली.”

“हो,” बाई म्हणाल्या. “बरी आहेस ना, एवढंच.”

“बरी आहे की.” मग जरा थांबून, बाईंना वाईट वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, “तुझ्याकडे पण बरी होते.”

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. निघताना बसवाहकाच्या बायकोने पुन्हा केव्हाही या म्हणून सांगितलं आणि खरंच तसं म्हणायचं असावं, कारण वार-वेळ काही विचारलं नाही. अपिलाची मुदत पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला संपली. तो अर्ज बाईंकडे अजून आहे, सही न केलेला. फॉर्ममधल्या शेवटच्या रकान्यात, बालिका परत मिळण्याचं कारण या शब्दांपुढे, त्यांनी आधी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या आता खोडलेल्या आहेत, हिरव्या शाईने, आणि समासात नियमाप्रमाणे आद्याक्षरी केलेली आहे.